कातळकाका

कातळकाकांच्या घरी लग्नाची पत्रिका घेऊन गेलं, तर ती हातात घेण्याआधी ते विचारतात, "कुठल्या बाजूने चढलास?"

घर हेदवीत, डोंगराच्या उतारावर. खालच्या रस्त्यापासून तिथे जायला दोन वाटा. एक पाखाडी, जांभ्याच्या चिऱ्यांची, त्यांच्या आजोबांनी बांधून घेतलेली. दुसरी आगरातून, दोन गडगे ओलांडून, गुरांनी पाडलेली. पाखाडीने आलो असं सांगितलं की काका नुसतं "बरं" म्हणतात. आगरातून आलो म्हटलं की खुर्ची पुढे सरकते. "अगो, ऐकलंस का, हा दक्षिणेच्या अंगाने आलाय. चहा टाक." काकूंना पाहुणा कुठल्या अंगाने आला याच्याशी काही कर्तव्य नसतं. मुलगी कुणाची, कार्यालय कुठलं, जेवणं किती पानांची, एवढं विचारून त्या दोन्ही वाटांच्या लोकांना सारखाच चहा देतात.

काकांचं खरं नाव बहुधा तलाठ्यालाच ठाऊक असावं. नोकरी मुंबईत झाली, बिऱ्हाड डोंबिवलीला, आणि उरलेलं आयुष्य कसारा आणि कर्जत लोकलमध्ये. १९५४ साली मुंबईत 'गिरिविहार' सुरू झाली; पुढे उपनगरांतही अशा संस्था निघत गेल्या आणि शनिवारी रात्रीच्या शेवटच्या गाडीला एक वेगळीच गर्दी व्हायला लागली. स्टेशनच्या बाकावर पथारी पसरायची, पहिल्या एसटीने पायथा गाठायचा, दिवसभर कातळाला झोंबायचं आणि सोमवारी कचेरीत खुर्चीवर बसताना गुडघे वाजले की साहेबाकडे अभिमानाने बघायचं. या पिढीतले काही जण आता शाळांतून व्याख्यानं देतात, काहींनी गुडघे बदलून घेतले. जे गावी येऊन राहिले त्यांचा मात्र काही भरवसा नाही. क्लबात निदान त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ कोणीतरी असतं. गावात तेच ज्येष्ठ.

डोंबिवली सोडताना काकांनी फर्निचर विकलं आणि एक ट्रंक आणली. ट्रंकेत नायलॉनचा दोर, मूठभर कॅरॅबिनर, दोन हार्नेस, मेखा, हातोडा, तळ गेलेले हंटर बूट आणि एक जाड वही. ही ट्रंक माळ्यावर असते. माळ्याला बांबूची शिडी आहे. ट्रंक काढायची वेळ आली की शिडीवर काकू चढतात आणि काका खाली उभे राहून सूचना देतात. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. कोकणातल्या बऱ्याच घरांत कामाची वाटणी अशीच आहे.

वहीत प्रत्येक चढाईची नोंद. तारीख, हवा, दोर किती लागला, आणि शेवटी श्रेणी: सोपी, मध्यम, कठीण, अत्यंत कठीण. लिंगाणा त्यात आहे, अलंग-मदन आहेत, खंडाळ्याची नागफणी आहे. हेदवीला आल्यावर वही बंद पडायला हवी होती, कारण आमच्याकडे समुद्रसपाटी हीच मुख्य उंची. ती पडली नाही. दशभुजा गणपतीच्या टेकडीचा चढ: सोपी. गणपतीच्या दिवसांत गुहागरच्या एसटीत शिरणे: कठीण, दोराचा उपयोग नाही. ग्रामसभेत प्रश्न विचारायला उभं राहणे: मध्यम; खाली बसणे अत्यंत कठीण. ही वही मी स्वतः चाळली आहे आणि सांगतो, श्रेणी देण्यात हा माणूस कधी खोटेपणा करत नाही.

हेदवीला येणारा पाहुणा दोन गोष्टी बघायला येतो, टेकडीवरचा दशभुजा लक्ष्मीगणेश आणि समुद्रावरची बामणघळ. काकांच्या घरी उतरला तर त्याला तिसरी गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे आंबापोळीचं ताट.

मे महिन्यात काकूंची ताटं अंगणात उन्हाला असतात. आटवलेला रस ताटात ओतायचा, वाळू द्यायचा, त्यावर दुसरा हात, मग तिसरा. पाहुण्याने नुसतं "इकडचे डोंगर काय सुंदर आहेत हो" म्हणायचा अवकाश, काका सुरी घेऊन अंगणात.

"हा डोंगर नाही. हा ज्वालामुखी आहे."

पाहुणा दचकून मागे सरकतो. "मग त्याचं तोंड कुठे आहे?"

"तोंड नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून रस आला. पसरला, निवला. त्यावर दुसरा आला. त्यावर तिसरा." इथे सुरी ताटात उतरते. चौकोनी तुकडा कापून तो उभा धरून दाखवला जातो. "हा बघा घट्ट थर. याचा कडा होतो, भिंतीसारखा सरळ. हा वरचा, फुगे आलेला. तो झिजतो, त्याचा उतार होतो, तिथे मुरूम आणि गवत. पुन्हा घट्ट, पुन्हा मऊ. म्हणून सह्याद्री लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. कड्यावर हात लागतात, उतारावर पाय घसरतात. आलं लक्षात?"

पाहुण्याचं लक्ष तुकड्याकडे असतं. तो त्याला कधीच मिळत नाही. नमुना म्हणून तो पुन्हा ताटात ठेवला जातो.

यातलं अक्षरही चूक नाही, हीच अडचण आहे. चुकीचं बोलणाऱ्याला थांबवता येतं. एकदा काका म्हणाले, "हा थर पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय," तेव्हा काकू ओटीवरून म्हणाल्या, "मग तिकडचा कापा. माझं ताट सोडा."

बेसाल्टवर त्यांचा जितका जीव, तितकीच जांभ्यावर नाराजी. जांभा म्हणजे कातळाचं म्हातारपण, असं ते म्हणतात. पाऊसपाण्याने आणि उन्हाने आतला कस धुऊन गेला, उरलं ते लोखंडाच्या गंजाचं लाल सच्छिद्र खोकं. आपलं घर जांभ्याचं आहे याची त्यांना थोडी लाज वाटते.

मुलगा अमेरिकेत, ओरेगनमध्ये पोर्टलंडला. त्याने वडिलांना हौसेने नेलं आणि माउंट हूड दाखवला. ३४२९ मीटर, डोक्यावर बारमाही बर्फ, चित्रात काढतात तसा. काकांनी बराच वेळ बघितला.

"वय काय याचं?"

"पाच लाख वर्षं असेल, बाबा."

"आणि विझलाय का?"

"नाही. पूर्ण नाही."

"मग निवू दे," काका म्हणाले. "आपण नंतर येऊ."

सेंट हेलेन्सबद्दल तर त्यांचं मत फारच वाईट झालं. १८ मे १९८० रोजी त्या डोंगराने स्वतःचाच माथा उडवला आणि चारशे मीटर उंची घालवून बसला, हे मुलाने सांगितलं तेव्हा काका खिन्न झाले. परत आल्यावर पारावर सांगत होते, "आपली कळसूबाई १६४६ मीटर. तिने कधी असा आततायीपणा केलाय? डोंगर म्हटला की काही पोच नको?"

त्यांच्या लेखी कुठल्याही उंच जागेवर चढणारा माणूस असुरक्षितच असतो. त्यातून आगरातला तो प्रकार झाला.

आमच्याकडे पोफळीवर चढून सुपारी काढणारा गडी एका झाडावरून खाली उतरून दुसऱ्यावर चढत बसत नाही. पोफळ सडपातळ, शेंड्याला लवचीक. पायात दोराचा फास अडकवून तो सरसर वर जातो, शिपटं उतरवतो, मग अंगाच्या हेलकाव्याने झाड झुलवतो आणि शेजारच्या पोफळीचा शेंडा हाताला लागला की तिकडे जातो. खालून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. वरचा मनुष्य तंबाखू चघळत असतो. काकांनी हे आयुष्यभर पाहिलेलं. पण डोंबिवलीहून परतल्यावर त्यांना ते पहिल्यांदा दिसलं.

"बिले नाही! याला बिले नाही!" ते ओरडत आगरात धावले.

गडी बापडा गरीब स्वभावाचा. खाली आला. काकूंनी माळ्यावरून ट्रंक काढून दिली, काकांनी त्याला हार्नेस चढवला, पट्टे तीनदा तपासले, आठाची गाठ मारली आणि दोराचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधून एका माडाला पाठ लावून बसले. तो पडला तर दोर आपण रोखणार, असा हा बिलेचा हिशेब.

"हं, चढ! आणि चारांतले तीन कायम झाडावर. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा."

"काका, मंग वर जायाचं कदी?" गड्याने विचारलं. पण गेला. पहिली पोफळ निर्विघ्न पार पडली. काका दोर सोडत होते, "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते. मग गड्याने झाड झुलवायला घेतलं. एक हेलकावा, दुसरा, आणि तिसऱ्याला तो नेहमीच्या सवयीने पलीकडच्या शेंड्यावर. त्या पोफळीच्या आणि काकांच्या मधे शिंपण्याचा पाट होता. दोर संपला. माड जागेवर राहिला, काका राहिले नाहीत. कर्दळीच्या ओळीतून आडवे होत ते पाटात पोचले, तेव्हा दोर त्यांच्या हातात अजून घट्ट होता. सोडला नाही, हे मान्य केलं पाहिजे. वरून गडी म्हणाला, "काका, तुमी पडू नका हां, मी धरलंय."

त्या दिवशीची नोंद वहीत आहे. पोफळ: मध्यम. बिले: कठीण.

हसायला सगळेच हसतात, पण बामणघळीवर काका असले की गावाला बरं वाटतं. उमामहेश्वराच्या देवळाशेजारून पुढे गेलं की किनाऱ्याच्या काळ्या कातळात ती चिंचोळी घळ आहे. ओहोटीला तिच्यात काही दम नसतो. भरतीला लाट आत घुसते, कोंडते आणि उसळून कातळाच्या वर उंच उडते. ते पाणी बघायला शहरातली माणसं घळीच्या ओठावर जाऊन उभी राहतात, पाठ समुद्राकडे आणि हात लांब करून फोटो. खाली हिरवं शेवाळ. काका भरतीचं वेळापत्रक खिशात घेऊन गळ्यात शिट्टी अडकवून तिथे हिंडतात. एका उंच टाचांच्या बाईंना त्यांनी पाऊण तास तीन टेकूंचा नियम शिकवला. बाई वैतागल्या, नवऱ्याने मोठ्याने विचारलं की तुम्ही कोण, पण तेवढ्या वेळात भरती झाली आणि ज्या खडकावर त्यांना उभं राहायचं होतं त्यावरून लाट गेली. त्यांनी आभार मानले नाहीत. काकांनीही तशी अपेक्षा केली नव्हती. ते पुढच्या कुटुंबाकडे वळले होते.

सुमारगडाची टूम निघाली ती पुण्याच्या भाच्यामुळे. हा मुलगा पुण्यात पैसे भरून भिंतीवर चढतो. भिंतीला रंगीत प्लॅस्टिकचे दगड ठोकलेले, निळ्या वाटेने जायचं तर निळेच धरायचे. हे ऐकून काका दोन घास कमी जेवले. "रंग बघून चढता? आणि कातळाला रंग कोण देणार, ग्रामपंचायत?"

आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यात महिपत, सुमार आणि रसाळ हे तीन गड आहेत. रसाळगडावर तोफा आहेत, महिपत ऐसपैस. सुमार आडरानातला, वाट चुकवणारा, आणि माथ्याखाली कातळ आडवा येतो. काकांनी तोच निवडला. आदल्या रात्री पडवीत बैठक झाली. अत्तर, सुवासिक तेल, फवाऱ्याची बाटली, सगळ्यावर बंदी. कड्यावर आग्या माशांची पोळी असतात, त्यांना वास आणि धूर खपत नाही. भाच्याची बाटली जप्त झाली. गवत धरायचं नाही, "गवत कातळाचं नसतं, पावसाचं असतं." होल्ड दिसला की आधी बोटाने ठोकायचा, खणखणीत वाजला तर धरायचा, बद्द वाजला तर रामराम. मग विषय अलंग-मदनवर गेला. इंग्रजांनी गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या म्हणून आपल्याला दोर लावावा लागतो, हा काकांचा साम्राज्याविरुद्धचा मुख्य आरोप आहे. हरिहरच्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या. त्या बघून कॅप्टन ब्रिग्जसुद्धा थक्क झाला होता, म्हणून त्या एकट्या इंग्रजाबद्दल ते जरा मऊ बोलतात. मध्यरात्रीपर्यंत १८१८ साल चाललं होतं. काकू केव्हाच झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी खेडपर्यंत गाडीत, पुढे रानात, काका एकसारखे बोलत होते. ही कारवी, हा घसारा, इथे पाय आडवा टाक, तिथे वाकून चल. रान इतकं दाट की समोरचा माणूस दिसत नव्हता, पण आवाजावरून वाट सापडत होती. असे करत कातळाशी पोचलो. तिथे लोखंडी शिडी लावलेली आहे. आम्हाला बघून हायसं वाटलं. काकांचा चेहरा उतरला.

"ज्यांना हात नाहीत त्यांच्यासाठी ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

आम्ही शिडीने वर गेलो आणि कडेला पालथे पडून खाली बघायला लागलो. काका शिडीपासून थोडे बाजूला, कातळासमोर उभे. चष्म्याची दोरी मानेमागे ओढली, हात मातीत घासले, बुटाचा तळ पोटरीवर पुसला. आणि बोलणं थांबलं.

मी त्यांना इतका वेळ गप्प कधीच पाहिलं नव्हतं. डावा हात एका खोबणीत गेला, तिथली माती त्यांनी फुंकून काढली, बोटं आत सरकवली. टक, टक. उजव्या हाताखालचा दगड बद्द वाजला असावा, कारण तो हात तिथून निघाला आणि वीतभर वरच्या कंगोऱ्यावर गेला. पाय बघायची गरजच पडत नव्हती. बुटाची कड बोटभर पट्टीवर आपोआप टेकत होती. अंग कातळाला चिकटवलेलं नव्हतं, जरा बाहेर, तोल टाचांवर. घाई नाही, थरथर नाही. मधे एकदा हात पोचेना तेव्हा ते सरळ दोन पावलं खाली उतरले, विचार केला आणि डावीकडून आले. भाच्याने मोबाईल काढला होता, तो त्याच्या हातात तसाच राहिला. काठावर आले तेव्हा आम्ही हात पुढे केला. तो न घेता ते वर आले, बसले आणि म्हणाले, "पाणी."

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "बरा आहे." कातळाबद्दल.

माथ्यावर महादेव आहे, पाण्याची टाकी आहेत. डबे सुटले, काकूंच्या घावनांबरोबर काकांची वाणीही सुटली, आणि आम्ही पुन्हा लाव्हाच्या थरांवर आलो.

खरा प्रसंग उतरताना आला. चढण्यापेक्षा उतरणं कठीण, उतरताना पाय दिसत नाहीत, म्हणून शक्य तिथे सोपी वाट घ्यावी, हा नियम पडवीत काकांनीच सांगितलेला. त्याप्रमाणे आम्ही शिडीने उतरलो. भाचा आणि काका वर राहिले. काका शिडीच्या तोंडाशी आले, वाकले, तिचा वरचा गज धरून हलवून पाहिला. शिडी किंचित कुरकुरली.

"ही तपासली कोणी?"

"मामा, आपण सगळे हिच्यावरूनच आलो."

"तुम्ही आलात." त्यांनी गजावर बोटाने ठोकलं. "बद्द! बघ, बद्द वाजतोय. आतून पोकळ आहे. कातळ सहा कोटी वर्षं उभा आहे, ही केव्हाची? वेल्डिंग कोणी केलं, दिवसा केलं की रात्री?"

पंधरा मिनिटं अशी गेली. मग सॅकमधून दोर निघाला, जो आल्यापासून कुणालाच लागला नव्हता. काकांनी स्वतःला हार्नेस बांधला, आठाची गाठ मारली, भाच्याला मोठ्या खडकामागे पाय रोवून बसवला, दोन आज्ञा पाठ करून घेतल्या आणि वीसेक फुटांची ती शिडी उतरायला सुरुवात केली. आणि पहिल्या गजापासून बोलायला लागले. "दोर ताण. एवढा नको. आता डावा पाय. हा कुठला? उजवा. उजवाच टाकतोय. हलते ही. कोण हलवतंय? खाली कोणी हात लावू नका! दोर दे. दे म्हणजे सोड. सोड म्हणजे तसा नाही!" प्रत्येक गज दोनदा ठोकला गेला. दरीतून त्या आवाजाचे पडसाद येत होते आणि कातळाच्या अंगावर बसलेली घार उठून पलीकडे गेली. खाली पाय टेकल्यावर त्यांनी भाच्याला वर बघून खूण केली, हार्नेस सोडला आणि शिडीकडे पाठ करून दोराचं वेटोळं घालायला घेतलं. कुणीच काही बोललं नाही. मला माळ्यावर चढणाऱ्या काकू आठवल्या आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

परतताना चिपळूणला चहाला थांबलो. काकांनी सॅकमधून वही काढली, भाच्याचं पेन घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून लिहीत बसले. ते हात धुवायला उठले तेव्हा वही टेबलावर उघडी होती.

सुमारगड. हवा स्वच्छ. कातळ: सोपी, दोर लागला नाही. शिडी: अत्यंत कठीण. अनुभवी माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नये.